द्वीपकल्पाचं तोंड कुणीकडे?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी या व्याख्यानमालेसाठी जमतो, ते भूगोलाचे शिक्षक होते. त्यांचे विद्यार्थी सांगतात, की फळ्यावर नकाशा टांगला की सर आधी विचारायचे, ‘हा काढणारा माणूस कुठे उभा होता?’ उत्तर लगेच कुणाला येत नसे आणि सरांनाही घाई नसे. आजच्या विषयासाठी मला हाच प्रश्न उपयोगी वाटतो. विषय आहे जपानमधलं नोतो द्वीपकल्प आणि तिथली समुद्रावर जगणारी माणसं.

जपानच्या मुख्य बेटाच्या मध्यावर, पण टोकियोच्या विरुद्ध बाजूला, वाकवलेल्या अंगठ्यासारखा एक डोंगराळ भूभाग समुद्रात घुसलेला दिसतो. लांबी सुमारे शंभर किलोमीटर. इशिकावा प्रांताचा हा उत्तर भाग. 1889 साली पर्सिव्हल लोवेल नावाचा एक अमेरिकन तिथे गेला. का गेला, तर नकाशातला तो आकार त्याला आवडला म्हणून! हाच लोवेल पुढे मंगळावरचे कालवे शोधण्यासाठी प्रसिद्ध झाला. त्याने नोतोवर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच त्याला जपानचा अनोळखी कोपरा म्हटलं. टोकियोहून आगगाडीने, मग घाट चढून-उतरून आलेल्या माणसाला तो कोपराच वाटणार. पण कोपरा हे जागेचं वर्णन आहे, की पाहणाऱ्याच्या वाटेचं? आज मला एवढंच मांडायचं आहे, की नोतोला कोपरा ठरवलं ते जमिनीवरून पाहणाऱ्यांनी. आणि या पाहण्याची किंमत तिथल्या मच्छीमारांनी मोजली, अजूनही मोजताहेत.

आधी जागा समजून घेऊ. नोतोला दोन किनारे आहेत. वायव्येकडचा सोतोउरा, म्हणजे बाहेरचा. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा वारा थेट त्याच्यावर आदळतो. कडे, खडकांचे सपाट कट्टे, त्यांच्यात अडकलेली छोटी बंदरं, आणि मागे लगेच डोंगर. दुसरा उचिउरा, आतला. तिथे समुद्र खाड्याखाड्यांतून आत आलेला, पाणी बहुतेक काळ शांत. याच बाजूला तोयामाचं आखात आहे. ते हजार मीटरपेक्षा खोल आहे आणि ही खोली किनाऱ्यापासून फार लांब नाही. वर त्सुशिमा प्रवाहाचं उबदार पाणी, खाली थंडगार पाणी. त्यामुळे उबदार पाण्यातली आणि थंड पाण्यातली मासळी एकाच आखातात मिळते.

हिवाळ्याच्या तोंडाशी इथे ढगांचा गडगडाट सुरू झाला, की कोळी म्हणतात, आता बुरी आली. बुरी हा मोठा, चरबीदार मासा उत्तरेकडून खाली येतो आणि किनाऱ्यालगत लावलेल्या स्थिर जाळ्यांत सापडतो. आपल्याकडची डोल जाळी भरती-ओहोटीच्या जोरावर चालते. पाणीच मासळीला जाळ्यात ढकलतं. जपानच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम काही वीत असतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे जाळ्याची लांब भिंत उभारतात. किनाऱ्याच्या कडेने पोहणारा मासा भिंतीला अडतो, खोलाकडे वळतो आणि आपल्याच पायांनी म्हणावं तसा बंदिस्त जाळ्यात शिरतो. कुठे भिंत लावायची हे तळाचा उतार माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही. भरती-ओहोटीची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

आता जमीन. सपाटी नाहीच म्हणायची. भातशेती करायची तर डोंगरउतारावर समुद्रापर्यंत पायऱ्या खोदायच्या. शिरोयोनेचे असे हजारावर चिमुकले वाफे आज पर्यटकांच्या आवडीचे आहेत. नुसत्या भातावर पोट भरणं शक्य नव्हतं. म्हणून टोकाकडच्या सुझुच्या किनाऱ्यावर माणसं समुद्राचं पाणी खांद्यावरून वर आणून वाळूवर शिंपडत, उन्हात वाळलेली खारी वाळू धुऊन ते पाणी कढईत आटवत आणि मीठ काढत. त्या काळच्या कागा संस्थानाने मिठाचा मक्ता आपल्याकडे ठेवला होता. मीठ करणाऱ्याला आधी तांदूळ द्यायचा आणि मग मीठ वसूल करायचं. वाजिमा गावात लाकडी भांड्यांवर लाखेचं काम चाले. हिवाळ्यात पुरुष साके गाळायला परगावी जात. बायका थंडीच्या लाटांत खडकावरचं नोरी शेवाळ खरवडत. एकाच घरात शेत, मीठ, मासळी, जंगल आणि परगावची मजुरी. यातला एकच धंदा निवडून त्या घराला नाव द्यायला गेलं, की घोटाळा झालाच.

या किनाऱ्यावरचा सगळ्यांत वेगळा समाज म्हणजे वाजिमाच्या अमा, बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका. नोतोच्या समुद्रात बुडी मारणाऱ्यांचा उल्लेख आठव्या शतकापासून सापडतो. कवी ओतोमो नो याकामोची 748 साली या भागात फिरला होता, तेव्हा नोतो त्याच्या कारभाराखाली होतं. पण आजच्या वाजिमाच्या अमा स्वतःचं मूळ दक्षिणेत, क्यूशू बेटावरच्या कानेगासाकी गावात सांगतात. सोळाव्या शतकात त्यांचे पूर्वज होड्यांतून आले, काही हंगाम येऊन-जाऊन राहिले आणि मग इथलेच झाले. 1649 मध्ये संस्थानिकाने त्यांना वाजिमात हजार त्सुबो, म्हणजे एकरभरसुद्धा नाही, एवढी जागा राहायला दिली. त्या बदल्यात वाळवलेल्या अवाबीचा नजराणा द्यायचा. अवाबी ही खडकाला घट्ट चिकटून बसणारी मोठी शिंपली. जपानमध्ये ती देवालाही चालते आणि सरदारालाही.

जमीन एवढीशी, खरी मालमत्ता समुद्रात. वाजिमापासून उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर हेगुराजिमा हे बेट आहे. उंची बारा-तेरा मीटर, क्षेत्रफळ अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आसपास. उन्हाळा आला की अमांची अख्खी वस्ती पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह तिथे राहायला जायची आणि थंडीपूर्वी परतायची. 1950 च्या दशकात फोस्को मराइनी या इटालियन अभ्यासकाने तिथे जाऊन छायाचित्रं आणि चित्रफीत घेतली. बाहेरच्या जगाला त्या बायकांचं पाण्यातलं धाडस तेवढं दिसलं. त्याहून मोलाची गोष्ट मात्र फोटोत येत नाही, ती म्हणजे त्यांची बंधनं. हवेची टाकी वापरायची नाही. अवाबीचं कवच दहा सेंटिमीटरपेक्षा लहान असलं तर उचलायचं नाही. हंगाम ठरलेला, त्याबाहेर अवाबीला हात लावायचा नाही. टाकी वापरली तर एक बाई दहा जणींचं काम करेल, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून तर बंदी. 2018 मध्ये जपान सरकारने वाजिमाच्या अमांच्या या तंत्राला महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. 2024 च्या भूकंपापूर्वी तिथे शंभराहून अधिक अमा काम करत होत्या.

या नियमांमागे जुनी व्यवस्था आहे. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, जपानमध्ये सर्वसाधारण रीत अशी, की गावासमोरचं उथळ पाणी आणि खडक त्या गावाचे, खोल समुद्र सगळ्यांचा. 1949 च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने हा हक्क गावोगावच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिला. समुद्राचा सात-बारा म्हणा हवं तर. तो एकट्याच्या नावावर नसतो, संस्थेच्या असतो.

याच 1949 च्या सुमारास एक अशी गोष्ट घडली, जिच्यामुळे नोतोचा इतिहास पुढे पुन्हा लिहावा लागला. नव्या कायद्यासाठी मासेमारीच्या जुन्या चालीरीतींची माहिती हवी होती. शिबुसावा केइझो हे बँकर, एके काळचे अर्थमंत्री आणि हाडाचे लोकसंस्कृतीचे अभ्यासक. त्यांच्या पुढाकाराने तरुण संशोधक देशभरच्या मच्छीमार गावांत गेले आणि जुने कागद उसने घेऊन आले. पेट्याच्या पेट्या. मग काही वर्षांत पैसा आटला, योजना बंद पडली आणि कागद तसेच पडून राहिले. या तरुणांत आमिनो योशिहिको होते. ते पुढे शाळेत शिकवू लागले, मग प्राध्यापक झाले, जपानच्या मध्ययुगाचे मोठे इतिहासकार म्हणून गाजले. पण लोकांच्या घरचे कागद परत केले नाहीत, ही टोचणी राहिली. 1980 च्या दशकात त्यांनी ते गावोगाव जाऊन परत द्यायला सुरुवात केली. दार उघडणारा चिडेल अशी त्यांची अपेक्षा. बहुतेक ठिकाणी आदरातिथ्यच झालं.

त्या फेऱ्यांत ते नोतोच्या टोकाकडच्या तोकिकुनी घराण्याकडे पोहोचले. हे घराणं स्वतःला 1185 साली इथे हद्दपार झालेल्या ताइरा नो तोकितादाचे वंशज मानतं. मोठा वाडा, मोठी जमीन. सगळ्यांचा समज असा, की हे दुर्गम भागातले जुने जमीनदार, कुळांच्या कष्टावर शेती करणारे. आमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद वाचले आणि समज ढासळला. या घराची मोठी जहाजं होती. ती उत्तरेत आजच्या होक्काइदोपर्यंत जात, दक्षिणेत त्सुरुगापर्यंत. मीठ नेत, शेवाळ आणत. घराला मीठही होतं, सावकारीही होती. शेती त्यात एक बाब.

याहून गमतीची गोष्ट शिबाकुसाया नावाच्या कुटुंबाची. संस्थानाच्या वहीत त्यांची नोंद भूमिहीनांच्या रकान्यात होती. वाचणारा हळहळेल. प्रत्यक्षात ते जहाजांचे मालक असलेले धनिक व्यापारी होते आणि तोकिकुनींनाच कर्ज देत होते! त्यांना जमीन नव्हती, कारण त्यांना ती नको होती. अठराव्या शतकात वाजिमा शहरातली सुमारे सत्तर टक्के घरं याच भूमिहीन रकान्यात मोडत. वही खरी मानली तर वाजिमा म्हणजे भिकारगाव. बंदरावर जाऊन पाहिलं तर लाखकाम, जहाजं, मासळी आणि व्यापाराने गजबजलेलं शहर.

असं का झालं, याचं उत्तर त्याच वाड्यात सापडलं. पेटीत जपून ठेवलेले कागद बहुतांशी जमिनीचे आणि साऱ्याचे होते. कारण ते सरकारला दाखवावे लागत. जहाजांचे, उधारीचे, मालाचे कागद व्यवहार संपला की रद्दीत जात. जपानी घरात सरकत्या दारांना आतून जुने कागद चिकटवतात, तशी ही रद्दी दारांच्या अस्तरात गेली होती. संशोधकांनी दारं उकलली तेव्हा समुद्र बाहेर आला. इतिहासकार इतकी वर्षं पेटी वाचत होते, दार नव्हे.

नोतो समुद्रावर जगत होतं, हे आमिनोंचं म्हणणं एकदा पटलं, की नोतोच्या बाकीच्या खुणाही वेगळ्या दिसू लागतात. पश्चिम किनाऱ्यावरचं फुकुरा बंदर घ्या. 727 ते 919 या काळात बोहाई राज्यातून, म्हणजे आजच्या ईशान्य चीन आणि कोरियाच्या उत्तर भागातून, तीसहून अधिक शिष्टमंडळं समुद्र ओलांडून जपानला आली. फुकुरा हे त्यांच्या येण्याजाण्याचं एक बंदर. तेव्हा नोतो हा दरवाजा होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ओसाका आणि होक्काइदो यांच्यामध्ये जपानच्या समुद्रातून व्यापारी जहाजं चालत. खतासाठी वाळवलेलं हेरिंग आणि कोंबू शेवाळ दक्षिणेत, तांदूळ आणि कापड उत्तरेत. सोतोउरावरचं कुरोशिमा हे अशा जहाजमालकांचं आणि खलाशांचं गाव. समुद्रात पुढे घुसलेली जमीन त्या जहाजांना वाटेतच लागायची. गलबताच्या काळात टोक असणं म्हणजे नाक्यावर असणं.

मग देशाचं तोंड फिरलं. कुणी एकाने फिरवलं नाही. आगगाडी आली ती प्रशांत महासागराच्या बाजूला आधी. कारखाने, बंदरं, भांडवल तिकडे गेलं. जहाजांचा माल रुळांवर गेला. नोतोला रेल्वे पोहोचली खरी, पण शेपटासारखी, एका बाजूने शिरून टोकाला संपणारी. आणि ज्या वाटेला पुढे गाव नसतं, ती तोट्यात गेल्यावर आधी बंद होते. वाजिमाचा फाटा 2001 मध्ये गेला, सुझुकडची गाडी 2005 मध्ये. सुझु शहराची लोकसंख्या 1950 मध्ये अडतीस हजारांच्या घरात होती. 2024 च्या भूकंपाआधीच ती बारा हजारांच्या आसपास आली होती. मुलं शिकायला जातात, उन्हाळ्यात कंदिलांच्या उत्सवाला पालखी उचलायला येतात आणि परत जातात. आपल्या कोकणाला यात काही समजावून सांगायला नको. दाभोळ आणि राजापूर ही एके काळी परदेशी व्यापाऱ्यांनी पत्ता विचारत यावं अशी ठिकाणं होती.

टोक ठरलेल्या जागेकडे मग एका खास प्रकारचे प्रस्ताव येतात. सुझुच्या ताकाया गावाजवळ अणुवीज प्रकल्प उभारायचं तीन वीज कंपन्यांच्या मनात होतं. जागा निर्जन, खडक भक्कम, लोक थोडे. गावं दुभंगली; 1989 मध्ये विरोधकांनी नगरपालिकेच्या इमारतीत ठिय्या दिला. वाद वर्षानुवर्षं चालला आणि 2003 च्या डिसेंबरात कंपन्यांनी प्रकल्प गोठवला. विरोध करणाऱ्यांत मच्छीमारही होते. त्यांचा मुद्दा साधा होता: तुम्ही ज्याला निर्जन म्हणता, ते आमचं कामाचं ठिकाण आहे.

1 जानेवारी 2024 रोजी, दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी, नववर्षासाठी घरं माणसांनी भरलेली असताना 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. घरं कोसळली, वाजिमाचा जुना बाजार जळाला, सुझुच्या बाजूला त्सुनामी घुसली. नंतरच्या हालअपेष्टांत गेलेले धरून पाचशेहून अधिक माणसं दगावली. हे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचले. मच्छीमारांवर जे ओढवलं ते मात्र निराळंच होतं. सोतोउराचा किनारा काही क्षणांत वर उचलला गेला. वाजिमाच्या पश्चिमेला सुमारे चार मीटर. समुद्र काही ठिकाणी दोनशे मीटर मागे हटला. कुरोशिमाचं बंदर कोरडं पडलं. धक्का उभा, बांध उभा, पाणी नाही. प्रांतातल्या 69 मासेमारी बंदरांपैकी 60 बंदरांचं नुकसान झालं.

वाजिमाचं मुख्य बंदर त्या मानाने कमी, मीटर-दोन मीटर उचललं गेलं. पण दोनशेच्या आसपास होड्या तिथे गाळात रुतल्या. इथे ती भरती-ओहोटीची गोष्ट आठवा. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीला चिखलात बसलेली होडी भरतीला तरंगते. आपला कोळी त्या हिशोबानेच तिला नांगरतो. वाजिमात भरती येऊन-येऊन किती येणार? जिथे समुद्र रोज हातभरच वर-खाली होतो, तिथे बंदर त्या हातभराच्या हिशोबानेच बांधलेलं असतं. गाळ उपसणारी यंत्रं येईपर्यंत होड्यांना हलणं शक्य नव्हतं. खेकड्याचा ऐन हंगाम गेला. त्या होड्या पुन्हा पूर्ण ताकदीने खेकड्याला निघाल्या, त्या नोव्हेंबर 2024 मध्ये. बायका ज्या खडकांवर नोरी खरवडत, ते खडक पाण्याबाहेर येऊन पांढरेफटक पडले, कारण त्यांच्यावरचं शेवाळ वाळून मेलं. हक्काचं पाणीच सरकलं, तर पाण्यावरचा हक्क कुठे सांगायचा? हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना सुचला नव्हता.

आणि रस्ते. डोंगरकडेने जाणारा एकुलता हमरस्ता दरडींनी ठिकठिकाणी तुटला. तीन हजारांहून अधिक माणसं तुटक वस्त्यांत अडकली. ताकाया त्यातलंच. अणुप्रकल्प झाला असता तर पळायची वाट तोच रस्ता होता. मदत समुद्रातून आणावी, तर बंदरं उचललेली. चौथ्या दिवशी सागरी स्वसंरक्षण दलाने हॉवरक्राफ्टवरून यंत्रं किनाऱ्यावर उतरवली, कारण हॉवरक्राफ्टला बंदराचा धक्का लागत नाही. ज्या प्रदेशाने हजार वर्षं समुद्राच्या वाटेने जगाशी संबंध ठेवला, त्याची ती वाट आधी दुर्लक्षाने आणि मग भूकंपाने बंद झाली.

निसर्गाने घात केला, असं म्हणून मात्र चालणार नाही. भूगर्भशास्त्रज्ञांनी भूकंपाच्या आधीच या किनाऱ्यावर गेल्या सहा हजार वर्षांतल्या उचललेल्या किनाऱ्यांच्या तीन पायऱ्या नोंदवल्या होत्या. 2024 ची ही पुढची पायरी. सोतोउराचे जे खडकाळ कट्टे घरांना, वाफ्यांना जागा देतात, ते असेच वर आले आहेत. नोतोची जमीन समुद्रानेच हप्त्याहप्त्याने दिली आहे; हप्ता कधी पडेल एवढंच ठाऊक नसतं. त्यात भर म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये भूकंपातून सावरत असलेल्या गावांवर अतिवृष्टीचा पूर आला, तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं.

आता वाद आहे पुनर्बांधणीचा. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सल्लागार मंडळाने सुचवलं, की लोकसंख्या घटते आहे, तेव्हा वस्त्या एकवटण्याचा विचार व्हावा. पैशाच्या बाजूने पाहिलं तर यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. बारा घरांसाठी बोगदा खणायचा का, हा प्रश्न निर्दयी नाही. कुठल्याही सरकारला तो पडेल. प्रश्न आहे तो मोजणीचा. वस्ती म्हणजे घरं, असं धरलं तर बारा घरं कुठेही हलवता येतात. पण मच्छीमार वस्तीत घरांच्या जोडीला समोरचा तळ असतो, कुठे अवाबी बसते आणि कुठे जाळ्याची भिंत लावायची याचं पिढ्यांचं ज्ञान असतं, कवच मोजून परत ठेवणारी शिस्त असते. माणसं शहरात नेली तर ही शिस्त सोबत जात नाही, कारण ती त्या खडकापुरतीच आहे. आणि पहारा उठला, की टाकी लावून येणाऱ्याला अडवणारं कुणी उरत नाही.

भूकंपानंतर अमांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. प्रांताच्या तज्ज्ञांबरोबर त्या समुद्रतळाच्या पाहणीत उतरल्या. दरडींचा गाळ कुठवर गेला, शेवाळ कुठे टिकलं, उथळ झालेल्या पाण्यात शिंपले कुठे हलले, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच. ज्यांना जुन्या वहीने भूमिहीन म्हटलं असतं, त्या बायका नव्या तळाचा पहिला नकाशा तयार करायला हात लावत होत्या.

तोकिकुनी घराण्याच्या वरच्या शाखेचा वाडा त्या भूकंपात कोसळला. ढिगाऱ्यातून लोकांनी जे सोडवायला घेतलं, त्यात कागद होते. ते वाचवणाऱ्यांना आता माहीत आहे, की पेटीइतकंच दाराचं अस्तरही जपायला हवं. हे शहाणपण इतिहासकारांना आमिनोंनी वर्षानुवर्षांच्या वाचनानंतर दिलं. नियोजन करणाऱ्यांना ते अजून मिळायचं आहे. त्यांच्या टेबलावर आजही पेटीतलेच कागद येतात: दरडोई खर्च, रस्त्याची लांबी, घरांची संख्या. या रकान्यांत बंदर, तळ आणि हक्काचं पाणी यांना जागा करा, मग बेरीज मांडा, एवढीच मागणी आहे. तरीही काही वस्त्या हलवाव्या लागतील, हे मला मान्य आहे. पण निदान काय हलवतो आहोत, हे हलवणाऱ्याला कळलेलं असेल. किनाऱ्याचा कुठलाही आराखडा, तो नोतोचा असो की आपल्या दारातला, होडीत बसून एकदा तपासल्याशिवाय मंजूर होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तपासायला येणाऱ्याने होडी कोळ्याला चालवू द्यावी.